तारेचे कुंपण आणि वर्गमूळ

घाटंजी तालुक्यातले एक शेतकरी परवा म्हणाले, "साहेब, रानडुकरांपायी एका एकराला तार लावली. एका फेऱ्याला ८३६ फूट लागली. आता दहा एकराचा चक करायचा, दहापट तार आणतो." उसनवारीची बोलणीही झाली होती. मी म्हटले, थांबा, सव्वातीनपटही लागणार नाही!

बंधूंनो, गुंठा म्हणजे ३३ फुटांचा चौरस आणि एकराचे गुंठे ४०. चौरस एकराच्या एका बाजूवर किती गुंठे बसतील? ४० चे वर्गमूळ. ६ चा वर्ग ३६, ७ चा ४९. म्हणजे उत्तर सहाच्या जवळ. उरले ४. त्यांना सहाच्या दुपटीने, १२ ने भागा. सहा आणि एक तृतीयांश. गुणिले ३३, झाले २०९ फूट. (बारकाईने काढले तर २०८.७, तारेला एवढे पुरे.) चार बाजू ८३६.

दहा एकर म्हणजे ४०० गुंठे, वर्गमूळ नेमके २०. बाजू ६६० फूट, फेरा २,६४०. कुठे ८,३६०!

घरातल्या नववीच्या मुलीला विचारा, ती √४० चे २√१० करून दाखवील. ४० म्हणजे ४ गुणिले १०. चाराचे मूळ २ बाहेर येते.

मात्र शेत चौरस हवे. नाल्याकाठची ६६ फूट रुंद, ६६० फूट लांब पट्टीही एकरच, पण तिला १,४५२ फूट तार लागते. म्हणून आम्ही दोघे टेप घेऊन धुऱ्याने फिरलो. २,७०० फूट भरले.