विश्लेषण : हिरवळ कापणारा रोबो घ्यायचा विचार आहे? आधी अंगण मोजा, मग पैसे

बंगल्यासमोरची हिरवळ असो, फार्महाऊसचे आवार असो की सोसायटीची बाग. वेळेवर माळी मिळणे अवघड झाले आहे. अशात मोबाइलवर व्हिडीओ दिसतो: कासवासारखे छोटे यंत्र हिरवळीवर फिरते, गवत कापते आणि बॅटरी उतरली की स्वतःच चार्जरवर जाऊन बसते. हाच रोबोटिक लॉन मोवर. युरोपात तो नवा नाही. स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीने सौरऊर्जेवर चालणारे मॉडेल १९९५ मध्येच आणले होते. प्रश्न इतकाच, की तिकडच्या अंगणासाठी घडलेले यंत्र आपल्या पावसाळ्यात टिकेल का?

हा रोबो नेमके काय करतो?

माळी पंधरा दिवसांनी येऊन वाढलेले गवत कापतो. रोबो रोज किंवा एक दिवसाआड फिरून गवताचे फक्त शेंडे छाटतो. खालच्या फिरत्या चकतीवर रेझरसारखी छोटी पाती असतात. बारीक तुकडे तिथेच पडतात, सुकतात आणि त्यांचे खत होते. त्यामुळे कापलेले गवत गोळा करावे लागत नाही. मात्र हा रोबो हिरवळ राखतो, माजलेले रान साफ करत नाही. गुडघाभर गवतात तो अडकणारच.

हद्द त्याला कशी कळते?

इथेच किमतीत आणि कटकटीत मोठा फरक पडतो.

● तारेची हद्द : हिरवळीच्या कडेने वायर टाकली जाते. तंत्र जुने आणि भरवशाचे. पण कुदळ लागून वायर तुटली की रोबो थांबतो. विजांच्या कडकडाटात वायर आणि चार्जर वेगळे करून ठेवावे लागतात.

● आरटीके : फोनचे जीपीएस काही मीटरने चुकू शकते. तेवढ्या चुकीने रोबो थेट गुलाबाच्या वाफ्यात शिरेल. म्हणून आवारात एक स्थिर अँटेना बसवतात. तो उपग्रहाच्या संदेशातील चूक ओळखून रोबोला दुरुस्ती कळवतो आणि फरक दोन-तीन सेंटिमीटरवर येतो. अट एकच, वर आकाश मोकळे हवे. आंब्याच्या दाट सावलीत किंवा दोन इमारतींच्या बोळात तो गोंधळतो.

● कॅमेरा किंवा लायडार : झाडाखालच्या हिरवळीला हा पर्याय बरा. कॅमेऱ्याला उजेड लागतो, लायडारला अंधार चालतो. पण पार मोकळ्या मैदानात ओळखीच्या खुणाच नसतील, तर लायडारही अडखळू शकतो.

किती क्षमतेचा घ्यावा?

कंपन्या क्षमता चौरस मीटरमध्ये सांगतात, आपण गुंठ्यात बोलतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. पाच गुंठे हिरवळ असेल तर सुमारे ५०६ चौरस मीटर झाले. घर, पार्किंग आणि वाफे वजा करून फक्त हिरवळच मोजा.

आणखी एक मेख आहे. छापील क्षमता अनेकदा यंत्र दिवस-रात्र चालेल असे धरून दिलेली असते. तुम्ही ते दिवसा दहाच तास चालवणार असाल, तर १००० चौरस मीटरचे यंत्र प्रत्यक्षात निम्म्याहून कमी जागा सांभाळेल.

उताराचा आकडा फसवतो

माहितीपत्रकात उतार टक्क्यांत असतो आणि फोनमधील ॲप अंशांत दाखवते. ३५ टक्के म्हणजे ३५ अंश नव्हे, जेमतेम १९ अंश. सोपा उपाय : एक मीटरची काठी आडवी धरा. एक टोक जमिनीला टेकवा आणि दुसरे टोक जमिनीपासून किती सेंटिमीटर वर राहते ते मोजा. तेवढे टक्के उतार.

खरी परीक्षा पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर गवत झपाट्याने वाढते आणि नेमके तेव्हाच रोबोला बाहेर पडता येत नाही. पावसाचा सेन्सर त्याला चार्जरवर परत पाठवतो. सेन्सर बंद केला, तर ओल्या मातीत चाके रुततात आणि हिरवळीवर चर पडतात. सलग आठवडाभर झड लागली, की गवत त्याच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणजे पावसाळ्यात साधे मशीन किंवा माळी लागणारच. चार्जर उंचवट्यावर आणि छपराखाली ठेवा.

मुले आणि प्राण्यांना धोका आहे का?

रोबो उचलला किंवा कलला की पाती थांबतात. तरीही लहान मुले खेळत असताना तो चालवू नये. रात्री तर नकोच. युरोपात या यंत्रांमुळे हेजहॉग हा छोटा काटेरी प्राणी जखमी होतो, म्हणून जर्मनीतील कोलोन शहराने २०२४ मध्ये रात्रीच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे रात्री हिरवळीवर बेडूक असतात, बेडकांमागे साप येतात.

थोडक्यात, घ्यावा की नाही?

हिरवळ गुंठाभरच असेल, तर हाताने ढकलायचे विजेवरचे मशीन पुरेसे आहे. पाच-दहा गुंठे सलग, सपाट, मोकळी हिरवळ असेल, तर रोबोचा विचार जरूर करा. मात्र पैसे भरण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा : पाती आणि बॅटरी इथे मिळते का? दुरुस्तीला माणूस घरी येतो का? आणि माझ्याच अंगणात, ओल्या गवतावर चालवून दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर खरेदी लांबणीवर टाकलेली बरी.