वैमानिकाची 14 वर्षे, निवृत्तिवेतनाची 20

1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच रायपूरचीही राजधानी होती. पुरानी बस्तीसारख्या जुन्या वस्तीतील मराठी नोकरदार घरांत सरकारी सेवा म्हणजे निवृत्तिवेतन, हे समीकरण तेव्हापासूनचे. वायुदलात वैमानिक होऊ पाहणाऱ्या पदवीधराला मात्र ते लागू पडेलच असे नाही.

अ‍ॅफकॅट परीक्षेतून मिळणारे उड्डाण शाखेतील अल्पमुदतीचे कमिशन 14 वर्षांचे असते. त्यास मुदतवाढ नाही. निवृत्तिवेतनासाठी मात्र 20 वर्षांची सेवा लागते. परिणामी अधिकारी चाळिशीच्या आत केवळ उपदान घेऊन बाहेर पडतो. विमान कंपन्या खुणावतात. पण त्यासाठी नागरी परवाना आणि नव्या विमानाचे प्रशिक्षण हवे.

कायम कमिशनधारकाची अडचण उलट आहे. त्याचे निवृत्तिवेतन सुरक्षित. परंतु मुदतपूर्व निवृत्ती हा हक्क नव्हे, ती सरकारच्या मंजुरीवर अवलंबून. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून जाणारी ही वाट मुलींसाठी 2022 मध्ये खुली झाली.

दलास तरुण वैमानिक हवेत, हे मान्य. पण मधल्या 6 वर्षांची किंमत एकट्या अधिकाऱ्यानेच का मोजावी, हा प्रश्न संसदेने विचारावयास हवा.