घोड्याच्या बंदुकीची जन्मखूण

दुनळी बंदुकीला बाहेर दोन घोडे दिसले, की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : ‘ही सत्तावन्नच्या बंडातली!’ खडकवासल्याला आमच्या शेजारीही पारव्यांच्या शिकारीची अशी विलायती बंदूक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. परवानाधारक आजोबाही नुकतेच गेले. आता ती ठेवायची की काढून टाकायची, हा पेच.

माझी हयात बँकेत सह्या-शिक्के पडताळण्यात गेली, म्हणून मला बोलावणे आले. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या दस्त्यापासून सोडवल्या. नुसत्या घोड्यांवरून वय ठरत नाही. बर्मिंगहॅमला 1875 साली बिनघोड्याच्या बंदुकीचे पेटंट निघाले, तरी घोड्याच्या बंदुका पुढेही बनत राहिल्या. खरी जन्मखूण नळ्यांच्या पोटाशी असते. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये जादा दारू भरून नळी पारखत, मगच शिक्का मारत. इथे ‘नॉट फॉर बॉल’ अशी अक्षरे होती. म्हणजे छर्रे चालतील, गोळी नको. हा शिक्का 1875 ते 1887 एवढाच चालला. तेव्हा बंदूक सत्तावन्नची नव्हे. 1879 मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले, त्या सुमाराची.

धूररहित दारूच्या कसोटीचा शिक्का नव्हता. अशा नळीत आजचे काडतूस भरणे म्हणजे जिवाशी खेळ. आणि जुनी म्हणून परवान्यातून सुटका नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सवलत दुरुस्तीनेही न चालणाऱ्या बंदुकीलाच आहे.

नातू हिरमुसला. आजी म्हणाल्या, ‘‘सत्तावन्नची नसेना का, यांची होती ना?’’

बंदूक रीतसर जमा झाली. वारसाचा अर्ज मीच लिहून दिला.