टंचाईतले संगीत

बीड जिल्ह्यातील तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव. अशा गावांत एके काळी पहाट उजाडे ती जात्यावरच्या ओवीने. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट हलके झाले. ते इष्टच झाले. पण कष्टांबरोबर ओवीही गेली. १९५७ साली 'विविध भारती' सुरू झाली. रेडिओ घरात एकच. म्हणून आजोबांचे भजन नातवाला आणि नातवाचे चित्रपटगीत आजोबांना ऐकावेच लागे. ही एकोप्याची नव्हे, टंचाईची देणगी होती. मोबाइलने ती टंचाई संपविली. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या जतन झाल्या आहेत. घरातली आजी मात्र अजून कधी गुणगुणते, तेव्हा शेजारी बसलेल्या नातीचे कान बंद असतात.