गृहपाठ कुणाचा?

वसुबारस दोन दिवसांवर आली, की आमच्या इमारतीच्या आवारात विटा, दगड आणि जुनी गोणपाटे जमू लागतात. गॅलरीतल्या कुंड्यांमधली माती रातोरात कमी होते, आणि चोर कोण ते ठाऊक असूनही कुणी तक्रार करीत नाही. मुले किल्ला करायला बसली, की त्यांना जेवणाखाण्याची शुद्ध राहत नाही. हळीव कधी पेरले म्हणजे पाडव्यापर्यंत उगवेल, ओल्या मातीचा बुरूज का ढासळतो, याची चर्चा तासन्‌तास चालते. हे सारे त्यांना कुणी करायला सांगितलेले नसते आणि कुणी तपासणारही नसते.

त्याच वेळी घरात टेबलावर एक वही कोरी पडलेली असते. तिचे नाव 'सुट्टीचा अभ्यास'. रोज एक पान शुद्धलेखन, वीस गणिते, एक नकाशा, आणि 'मी केलेला किल्ला' या विषयावर दहा ओळी! गंमत पाहा, ज्या मुलाने चार दिवस त्या किल्ल्याच्या मातीत घालवले, तोच पेन्सिल चावीत आईला विचारतो, "काय लिहू?" शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री घरोघरी जे रामायण घडते, ते सुज्ञ वाचकांना सांगायला नकोच.

आमच्या घरच्या अशाच एका रात्रीची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण तिच्यात अपराधी मीच होतो. मुलगा पाचवीत होता. महाराष्ट्रातल्या नद्यांचा नकाशा काढायचा राहिला होता. साडेनऊ वाजले होते, त्याचे डोळे मिटत होते आणि माझा संयम संपत आला होता. त्याने काढलेली कोकणची किनारपट्टी भाकरीच्या कडेसारखी दिसत होती. मी म्हटले, "आण इकडे ती पेन्सिल!" आणि नकाशा मीच काढला. त्र्यंबकेश्वराहून गोदावरी, भीमाशंकराहून भीमा, महाबळेश्वराहून कृष्णा अशा नद्या निळ्या शाईने झोकदार वळणे देत वाहत्या केल्या. चिरंजीव शेजारी झोपी गेले.

वहीवर शेरा आला : 'नकाशा उत्तम.' तो मला वाचून दाखवीत मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला उत्तम मिळालं!" आम्ही सगळे हसलो. पुढे चाचणीत गोदावरी दाखवायचा प्रश्न आला, तो त्याने कोराच सोडला. मी रागावलो, तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, "मला कुठे येतो नकाशा? तो तुम्हालाच येतो." त्या दिवशी मला हसू आले नाही. मी त्याचा एक तास वाचवला होता आणि त्या बदल्यात 'हे आपल्याला जमत नाही' अशी समजूत त्याच्या मनात घालून ठेवली होती.

तेव्हापासून 'गृहपाठ हवा की नको' या वादापेक्षा 'गृहपाठ कुणाचा' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटू लागला.

परवचा आणि प्रयोगशाळा

मुलांनी घरी अभ्यास करणे ही काही इंग्रजी शाळांनी आणलेली गोष्ट नव्हे. आपल्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, औटकी आणि त्यांच्या जोडीला तिथी, महिने, नक्षत्रे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पावकी-निमकीचा बाजारातला उपयोग हळूहळू सरला. नुसत्या घोकंपट्टीचे दोष होतेच. पण परवच्यात एक मर्म होते. तिथे पुस्तक समोर नसे. जे म्हणायचे ते आठवूनच म्हणावे लागे.

या मर्माला प्रयोगांनीही दुजोरा दिला आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली दाखवून दिले, की पाठ केलेले आपण आधी झपाट्याने विसरतो, मग सावकाश. पुढे २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते.

याचा अर्थ उघड आहे. गृहपाठाचे मोल भरलेल्या पानांत नाही. मुलाने डोक्याला दिलेल्या ताणात आहे. फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवले, तर हाताला व्यायाम होतो. आणि तो ताण बाबांनी घेतला, तर बाबांची उजळणी होते!

किती द्यावा?

हा वाद जुना आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९०१ साली कायदा करून पंधरा वर्षांखालील मुलांचा गृहपाठच बंद केला होता; तो कायदा १९१७ साली मागे घेतला गेला. हॅरिस कूपर या अमेरिकी अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक संशोधने एकत्र तपासून २००६ साली निष्कर्ष मांडला, की गृहपाठ आणि शाळेतले यश यांचा संबंध सातवीपासून पुढे बऱ्यापैकी दिसतो, लहान इयत्तांत मात्र तो फार क्षीण आहे. इयत्तेमागे दहा मिनिटे, म्हणजे तिसरीला अर्धा तास, हा त्याने उचलून धरलेला आडाखा लक्षात ठेवायला सोपा आहे.

आपल्याकडे १९८९ साली विख्यात लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याखाली दबलेल्या मुलांची व्यथा मांडली. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये, द्यायचाच तर घर आणि परिसर यांचा शोध घेण्यापुरता द्यावा, असे तिने सुचवले. २०२० सालच्या केंद्रीय दप्तर धोरणाने तर तासच आखून दिले : दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास, नववीपासून पुढे दिवसाला दोन तास.

घर सारखे नसते

आणखी एक गोष्ट आपण सुशिक्षित घरांतली माणसे सहज विसरतो. २०१२ साली अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. तिच्यात असे आढळले, की सुस्थितीतल्या घरांतली मुले गरीब घरांतल्या मुलांपेक्षा आठवड्याला सुमारे दीड तास अधिक गृहपाठ करतात. यात आळसाचाच प्रश्न नसतो. कुणाला स्वतंत्र टेबल असते, तर कुणाला एकाच खोलीत दूरदर्शन, स्वयंपाक आणि धाकटे भावंड यांच्यामधून जागा काढावी लागते. ज्या गृहपाठाला आईबापांची विद्या, रंगीत कागद आणि छपाईचे यंत्र लागते, तो मुलांची परीक्षा घेत नाही, घरांची घेतो. माझ्या नकाशाला 'उत्तम' मिळाले, त्या दिवशी वर्गातल्या एखाद्या मुलाचा स्वतःच्या हाताने काढलेला वाकडा नकाशा त्याच्या शेजारी फिका पडला असेल. हा विचार मला अजून टोचतो.

मग पालकांनी करायचे काय?

हात बांधून बसावे असे मी म्हणत नाही. आमच्या घरी आता तीन साधे नियम आहेत. वेळ ठरलेली, आणि त्या वेळी घरातला फोन कुणाच्याच हातात नाही, माझ्याही नाही. मुलगा अडला तर आधी विचारायचे, "तुला कुठपर्यंत आलं?" बहुतेक वेळा उत्तर सांगतासांगताच त्याची गाठ सुटते. आणि पेन्सिल कधीही हातात घ्यायची नाही. काही राहिले, तर ते राहिले म्हणून बाईंना दिसू द्यायचे. चुकलेली वही ही शिक्षकांना मिळालेली बातमी असते; आपण ती सुधारून पाठवली, तर बातमी खोटी ठरते.

हे सोपे नाही. मूल समोर चुकत असताना गप्प बसणे हा पालकांचा गृहपाठ आहे, आणि तो मला अजून पुरता जमलेला नाही.

गेल्या दिवाळीतही वहीत 'मी केलेला किल्ला' आलाच. मुलगा आता सहावीत होता. त्याने विचारले, "काय लिहू?" मी म्हटले, "बुरूज का पडला रे?" तो तावातावाने सांगू लागला. "हेच लिही," एवढेच मी म्हणालो. दहाऐवजी सातच ओळी झाल्या. त्यांतली एक अशी होती : 'बुरूज दोनदा पडला कारण माती फार ओली होती, तिसऱ्यांदा आम्ही आत दगड घातला.'

'बुरूज' या शब्दातला रुकार ऱ्हस्व लिहिला गेला होता. बाईंनी त्याच्याभोवती लाल गोल केला. तो गोल त्याचा स्वतःचा होता. त्याने तो शब्द खाली पाच वेळा लिहिला. मी पाहत होतो, पण पेन्सिल माझ्या हातात नव्हती.