कंट्रोलरची मर्यादा आणि घाटाचा चढ

मीरा-भाईंदरचा बराचसा भाग खाडीकाठच्या आणि मिठागरांच्या सपाट जमिनीवर वसलेला असल्यामुळे, भाईंदर स्थानकापासून काशिमीऱ्यापर्यंत २५० वॅटच्या ई-स्कूटरची ताकद अपुरी असल्याचे सहसा जाणवत नाही. मात्र तीच स्कूटर घोडबंदर मार्गाने ठाण्याकडे निघाली, की गायमुखच्या घाटात ती रेंगाळू लागते आणि कंट्रोलरची मर्यादा वाढवून घेण्याचा विचार मालकाच्या मनात येतो. हा विचार गणिताला सोडून नाही. वाहन, बॅटरी आणि चालक मिळून १५० किलो वजन ५ टक्क्यांच्या चढावर ताशी २५ किलोमीटर वेगाने न्यायचे, तर वाऱ्याचा रोध व चाकांचे घर्षण सोडूनही सुमारे ५१० वॅट लागतात.

कंट्रोलर ही बॅटरीच्या एकदिश प्रवाहापासून मोटरला लागणारा थ्री-फेज प्रवाह घडवणारी पेटी असून, त्यातील ‘मॉस्फेट’ हे अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडतात व मिटतात. बॅटरीचा प्रवाह ‘शंट’ नावाच्या अत्यल्प रोधाच्या तुकड्यातून जातो, त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेजवरून कंट्रोलर प्रवाह मोजतो आणि ठरलेल्या आकड्यावर तो रोखून धरतो. बाजारात प्रचलित असलेली स्वस्त युक्ती नेमकी याच मोजमापाला फसवते: शंटवर सोल्डरचा थर चढवून त्याचा रोध एक चतुर्थांशाने घटवला, की २० अँपिअरचा प्रवाह कंट्रोलरला १५ अँपिअरच भासतो आणि ४८ व्होल्टला ७२० वॅटची मर्यादा ९६० वॅटवर जाते. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, तारा व जोड सुमारे ७८ टक्के अधिक तापतात, आणि याची कोणतीही नोंद फसवलेल्या कंट्रोलरकडे नसते.

व्होल्टेज वाढवण्याचा मार्गही निर्धोक नाही. ६० व्होल्टची म्हणून विकली जाणारी, १६ सेल एकापुढे एक जोडलेली लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरल्यावर ६७.२ व्होल्टपर्यंत जाते, त्यामुळे ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमधील ६३ व्होल्टचे कपॅसिटर तिथेच अपुरे ठरतात. मॉस्फेट जळताना बहुधा आतून शॉर्ट होतो. मग मोटर स्वतःच ब्रेकसारखी वागून चाक अडवते, जे चालत्या वाहनात धोक्याचे आहे. खरी क्षमतावाढ करायची, तर कमी रोधाचे मॉस्फेट, जाड तांबे, मोठा उष्णताशोषक, त्या प्रवाहाला पुरेल अशी बॅटरी व तिची संरक्षक यंत्रणा, शिवाय ब्रेकही, असे सारेच बदलावे लागते. त्यातून या किनारी शहराची हवा खारट. एकदा उघडलेल्या पेटीचे सील पुन्हा नीट बसले नाही, तर पावसाळ्यात सर्किटवर गंज चढण्यास वेळ लागत नाही.

कायदाही येथे मोटरकडेच पाहतो. अर्ध्या तासाच्या चाचणीतील शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरीविना वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच ई-स्कूटर ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणजे चढावर क्षणभर लागणारी जादा शक्ती नियमाला मान्य आहे, सततची नाही. ही रेषा ओलांडली, की नोंदणी, परवाना आणि विमा तिन्ही आवश्यक होतात. अशा बदललेल्या ई-बाइकांवर कारवाई करण्याच्या सूचना राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये दिल्या. आधीपासून नोंदणीकृत असलेल्या वाहनात परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घाट रोजचाच असेल, तर जास्त शक्तीच्या मोटरसह मान्यता मिळालेली, नोंदणीकृत स्कूटर घेणे हाच शेवटी स्वस्त पडणारा मार्ग होय.