समुद्री ऊ व सॅमनच्या जाती

आपल्या तळ्यांतील रोहूला जशी ऊ लागते, तशीच नॉर्वे व चिली येथे समुद्रातील पिंजऱ्यांत पाळलेल्या सॅमनला समुद्री ऊ लागते. ती माशाच्या अंगावरील बुळबुळीत स्राव, त्वचा व रक्त यांवर जगते. अटलांटिक सॅमन तिला सहज बळी पडतो. कोहो सॅमनची त्वचा मात्र ऊ चिकटताच त्या जागी सुजते, जाड होते, आणि बहुतेक उवा थोड्याच दिवसांत गळून पडतात. तरीही बाजारासाठी मुख्यतः नाजूक जात दाटीने पाळली जाते. काही औषधांना तर ऊ आता दादही देत नाही. इंद्रधनुषी ट्राऊटलाही समुद्रात हा उपद्रव होतो. हिमाचल व काश्मीरमध्ये तो गोड्या पाण्यात वाढवितात. तेथे ही ऊ नसते.